नोंदवहीबाहेरची मुले

१९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीच्या पाड्यांवर, शंभराहून अधिक लहान मुले दगावली. मुंबईपासून चार-पाच तासांच्या अंतरावरची ही गोष्ट. सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, मंत्र्यांच्या गाड्या जव्हारच्या घाटात दिसू लागल्या, धान्य आणि औषधे पोहोचली. पुढच्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू वस्त्यांतून, तशाच बातम्या आल्या आणि शीला बारसे यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयात उभी राहिली. तेव्हापासून 'कुपोषण' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात पावसाळ्याबरोबर येऊ लागला. विधिमंडळात तेव्हा खडाजंगी झाली ती एकाच प्रश्नावर: हे भूकबळी होते की आजाराचे बळी? दुसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना त्या वेळी सतरा वर्षांची झाली होती. मुलांची वजने करणे, तक्त्यावर ठिपके मांडणे आणि घसरणाऱ्या मुलाला वेळीच हेरणे हे तिचे लेखी काम होते. मग इतकी मुले मरणाच्या दारात पोहोचेपर्यंत कुणाच्याच नोंदवहीत लाल शाई का उमटली नाही? ग्रामीण मुलांच्या पोषणासाठी सरकारने जे केले त्याचा उपयोग झाला की नाही, या वादाचे उत्तर मला याच दुसऱ्या प्रश्नात दिसते. महाराष्ट्रात पोषण आहाराचा परिणाम आहाराच्या प्रमाणापेक्षा मोजणीच्या खरेपणाबरोबर वरखाली झाला आहे.

सरकारी पोषणाची आपली पहिली मोठी आठवण १९७२च्या दुष्काळातल्या सुकडीची. खडी फोडणाऱ्या हातांवर पडणारी ती भाजक्या पिठाची मूठ म्हणजे संकटातला दिलासा होता, आणि त्या अर्थाने ती यशस्वीही झाली. पण संकटकाळचा तो विचार मुलांच्या रोजच्या पोषणातही शिरला: माणसे रांगेत उभी करा, माप भरून द्या, किती पोती संपली ते लिहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत बालविकास योजना सुरू झाली तेव्हा मुलामागे रोज ३०० उष्मांक आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने असे माप ठरले, आणि अंगणवाडीचा दिवस त्या मापाभोवती बांधला गेला. खरे तर वेगळा धडा महाराष्ट्रातच तयार होता. डहाणू तालुक्यात कासा येथे डॉ. पी. एम. शाह यांच्या प्रकल्पाने सत्तरच्या दशकात दाखवले होते की गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्या मुलांची नियमित वजने करू शकतात आणि अतिकुपोषित मूल बहुतेक वेळा घरच्या घरी, घरच्याच अन्नावर सावरता येते. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच काम गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांच्या हाती सोपवले होते. या दोन्ही ठिकाणी वजन करण्यामागे एक सरळ कारण होते. या महिन्यात ठिपका खाली आला तर त्याच आठवड्यात त्या घरी जायचे आणि आईशी बोलायचे. सरकारी योजनेने या मंडळींचा काटा आणि तक्ता घेतला. कारण मात्र कासा-जामखेडलाच राहिले.

नोंदवहीत काय होत असे ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तुळईला काटा टांगायचा, त्याला कापडी झोळी अडकवायची, रडणारे मूल झोळीत घालायचे आणि सुई थांबण्याची वाट पाहायची. वजन मिळाले की तक्त्यावर आडव्या रेघेवर वय शोधायचे आणि ठिपका द्यायचा. आदिवासी पाड्यावर वय म्हणजे होळीच्या आधीचे किंवा भात कापणीच्या वेळचे. ते दोन महिने अलीकडे धरले की लाल पट्ट्यातला ठिपका पिवळ्यात सरकतो. वजन मुळीच खोटे लिहावे लागत नाही. सेविकेने असे का करावे याचे उत्तर तिच्या स्वभावात शोधण्याचे कारण नाही. श्रेणी तीन किंवा चारचे, म्हणजे तीव्र कुपोषित, मूल दाखवले की मुख्यसेविका विचारणार, प्रकल्प अधिकारी विचारणार, आणि ते मूल दगावले तर चौकशी तिचीच होणार. मदत म्हणून तिला फार तर दुप्पट आहार मिळणार, तोही साठा असला तर. आहाराच्या पानावरचे गणित याच्या नेमके उलटे होते, कारण हजेरी जितकी जास्त तितका शिधा. त्यामुळे एकाच नोंदवहीत जेवणारी मुले भरपूर आणि कुपोषित मुले नगण्य, असे चित्र वर्षानुवर्षे वर जात राहिले. अंगणवाड्यांच्या अहवालांत तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची मुले शेकडा एक-दोनच्या आत असत. १९९२-९३ आणि १९९८-९९च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांत मात्र महाराष्ट्रातल्या लहान मुलांपैकी जवळजवळ निम्मी कमी वजनाची निघाली. दोन्हीकडची मोजमापाची पट्टी वेगळी होती आणि पाहणीत सौम्य कमतरताही धरली होती, हे खरे. पण एवढी तफावत नुसत्या पट्टीने पडत नाही.

भूकबळी की आजार, या वादाने या नोंदवहीला चांगलीच ढाल पुरवली. मूल न्यूमोनियाने किंवा हगवणीने गेले असे लिहिले की तो आरोग्य खात्याचा विषय झाला, महिला व बालकल्याणाचा उरला नाही. आरोग्य खाते म्हणे मूल मुळातच अशक्त होते. हा वाद शास्त्राने तेव्हाच मोडीत काढला होता. डेव्हिड पेलेटिए आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात दाखवले की विकसनशील देशांतल्या निम्म्याहून अधिक बालमृत्यूंत कुपोषणाचा हात असतो, आणि त्यांपैकी बहुसंख्य मुले सौम्य किंवा मध्यम कुपोषित असतात, हाडांचा सापळा झालेली नसतात. वरवर बरे दिसणारे, थोडे किरकोळ मूल गोवराच्या एका झटक्याने जाते. म्हणजे छायाचित्रात भरणारे मूल शोधत बसणारी यंत्रणा मरणाऱ्या बहुतेक मुलांना ओलांडूनच पुढे जाणार. १९९५ मध्ये राज्याने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना काढली आणि खात्यांचा मेळ घालण्याचे ठरवले. हेतू चांगला होता, पण माहिती त्याच नोंदवहीतून येत राहिली.

ही कोंडी फुटली ती मृत्यूंच्या मोजणीने. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावोगावी जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली होती. तिच्याच आधाराने त्यांनी घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. त्यानंतर राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या संस्थांनी एकत्र येऊन तशीच मोजणी केली. २००१ साली 'कोवळी पानगळ' या नावाने तिचा अहवाल आला. महाराष्ट्रात दरवर्षी दीड लाखाहून अधिक लहान मुले मरत असावीत आणि शासनाच्या दप्तरात त्यांतली थोडीच दिसतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जन्मून काही तास जगलेले मूल 'उपजत मृत' म्हणून लिहिले जाई किंवा लिहिलेच जात नसे. अंदाजाच्या नेमकेपणाबद्दल वाद घालता येईल, आणि तो घातलाही गेला. पण नोंदच खोटी आहे हा मुद्दा शासनाला खोडता आला नाही. न्यायालय आणि विधिमंडळ या दोहोंच्या रेट्याने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. २००४च्या तिच्या अहवालानंतर, २००५ साली, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन अस्तित्वात आले.

मिशनचे पहिले महासंचालक व्ही. रमणी. त्याआधी मराठवाड्यात विभागीय आयुक्त असताना त्यांनी तिथल्या अंगणवाड्यांत एक अगदी प्रशासकीय वाटणारा बदल करून पाहिला होता: प्रत्येक मुलाचे वजन झालेच पाहिजे, आणि कुपोषित मूल दाखवल्याबद्दल कुणाला धारेवर धरायचे नाही. मिशनने हाच विचार आधी आदिवासी जिल्ह्यांत आणि मग राज्यभर नेला. युनिसेफचे सहकार्य होते, पण मिशनने नवा आहार आणला नाही, नवी इमारत बांधली नाही, हजारोंची भरती केली नाही. वजनकाटे दुरुस्त करणे, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य सेविका यांना एकाच दिवशी एकाच ठिकाणी आणणे, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत कुपोषणाचा आकडा रस्त्यांच्या आकड्याइतका ठळक करणे, असे त्याचे काम होते. खरे आकडे येऊ लागले की कुपोषण वाढल्यासारखे दिसते. ती बदनामी सोसण्याची तयारी एखाद्या सरकारने दाखवावी, हे आपल्याकडे दुर्मीळच. हेरलेल्या मुलांसाठी ग्राम बालविकास केंद्रे निघाली. अंगणवाडीतच तीस दिवस, दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाऊ घालायचे, औषधे द्यायची आणि आईला सोबत बसवायचे. कासाला तीस वर्षांपूर्वी जे केले होते त्याचीच ही सरकारी आवृत्ती. २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात भर गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर आला. या वयाचे मूल अंगणवाडीत येऊन बसत नाही, म्हणून बालविकास योजनेला ते कधी नीट दिसलेच नव्हते. २००५ साली जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी या योजनेवर हाच ठपका ठेवला होता: तिचा बहुतेक जोर तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर आहे आणि खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, मात्र त्याआधीच पक्का झालेला असतो.

२०१२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राज्यव्यापी पोषण पाहणी केली. शासनाच्या नोंदवहीशी तिचा संबंध नव्हता. २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालच्या पाच मुलांमागे साधारण दोन खुजी होती. आता हे प्रमाण चारांत एकाच्या आसपास आले होते. सहा-सात वर्षांत एवढी घट जगात फार ठिकाणी झालेली नाही. पुढे राष्ट्रीय पाहणीतही पाच वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा २००५-०६च्या ४६.३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आलेला दिसला. त्यामुळे २०१२चा आकडा हा निव्वळ चुकून लागलेला नेम होता असे म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप अर्थतज्ज्ञांचा. तो काळ भरभराटीचा होता. उत्पन्न वाढले, मुली जास्त शिकल्या, लग्नाचे वय वाढले, मुले कमी आणि अंतराने झाली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. मग श्रेय मिशनला कशाला? लॉरेन्स हदाद आणि सहकाऱ्यांनी या घटीचा मागोवा घेतला तेव्हा त्यांनाही एकच एक कारण सापडले नाही. अनेक गोष्टी थोड्या थोड्या सुधारल्या आणि त्यांची बेरीज झाली, असे त्यांना दिसले. हे मला मान्य आहे. पण भरभराट एकटी पुरेशी असती तर तिने इतर दशकांतही हेच करून दाखवायला हवे होते. १९९१ नंतर महाराष्ट्र देशातले अग्रणी औद्योगिक राज्य होते, आणि तरी त्या दशकाच्या दोन्ही पाहण्यांत कमी वजनाची मुले निम्म्याच्या आसपासच राहिली. २०१५-१६ ते २०१९-२० या काळातही राज्याचे उत्पन्न वाढत होते, तरी खुजेपणा ३४.४ वरून ३५.२ वर गेला. बदल घडला तो मधल्याच वर्षांत, म्हणजे पैसा, शिक्षण आणि मुलाकडे पाहणारी यंत्रणा ही तिन्ही एकाच वेळी हलली तेव्हा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. तामिळनाडूने मोजमापाचे एवढे अवडंबर न माजवता आधी जेवू घातले. कामराज यांच्या काळात १९५६ मध्ये शाळेतले जेवण सुरू झाले, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते गावोगावच्या पोषण केंद्रांपर्यंत नेले आणि त्यावर मते मिळवली. २००५-०६ मध्ये तिथली कमी वजनाची मुले २९.८ टक्के होती, आपली ३७. सरसकट सगळ्यांना द्या, निवडीच्या नादी लागू नका, असा धडा त्यातून काढला जातो. शिजवलेल्या जेवणाबद्दल तो धडा मला पटतो. पोटाला मिळण्याचा हक्क ठिपक्यावर टांगू नये, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००१ पासूनच्या अन्नाधिकाराच्या आदेशांत हीच दिशा धरली. पण तामिळनाडूच्या गोष्टीचा अर्धा भाग आपण गाळतो. १९८० पासून तिथे मदुराई जिल्ह्यातून दुसरा एक प्रकल्प वाढत गेला होता. त्यात सहा ते छत्तीस महिन्यांच्या प्रत्येक मुलाचे दर महिन्याला वजन होई, वाढ खुंटलेल्या मुलाला नव्वद दिवस पूरक आहार मिळे आणि वाढ सावरली की तो थांबे. सरसकट जेवण आणि नेमकी मोजणी, दोन्ही तिथे शेजारी शेजारी नांदत होती. अवडंबर आपल्याकडेच जास्त होते, फक्त ते पोत्यांच्या हिशेबाचे होते.

हा हिशेब किती दूर जाऊ शकतो हे पाकिटबंद आहाराच्या प्रकरणात दिसले. ठेकेदार नकोत, स्थानिक बचत गटांना काम द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. महाराष्ट्रात तीन वर्षांखालच्या मुलांचा घरपोच आहार मात्र मोठ्या पुरवठादारांकडे गेला. न्यायालयाच्या अन्न आयुक्तांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की कागदावरच्या महिला संस्थांच्या आडून खासगी कंपन्याच पुरवठा करतात. शिरा आणि उपम्याची ती पाकिटे मुलांना आवडत नाहीत, शेवटी गुरांपुढे पडतात, अशा तक्रारी गावोगावी होत्या. पुढे २०१६ची हजारो कोटींची निविदा प्रक्रियाही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पाकीट पोहोचल्याची पावती मिळाली की योजनेचे काम झाले. खाल्ले कुणी, याचा रकाना नव्हता. आता २०१२च्या पाहणीतलीच दुसरी बाजू पाहा. खुजेपणा घटलेला असतानाही सहा महिने ते दोन वर्षे या वयातल्या ज्या मुलांना वयाला साजेसा पुरेसा आहार मिळत होता ती शंभरात दहासुद्धा नव्हती. नुसत्या मोजणीने पोट भरत नाही हा आक्षेप इथे पुरता लागू पडतो, आणि म्हणूनच माझा मुद्दा मोजणी पुरेशी आहे असा नाही. ती नसेल तर पोट भरले की नाही हे कळायला मार्ग उरत नाही, एवढाच आहे. डिसेंबर २०१५च्या सुमारास आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. मुलांना अंडी मिळू लागली. अन्न म्हणून ही योजना पाकिटांपेक्षा निःसंशय उजवी आहे, कारण ताट समोर बसून संपवले जाते.

पण त्याच सुमारास मोजणीची बाजू खचू लागली होती. ग्राम बालविकास केंद्रांचा निधी आटला, पुष्कळ केंद्रे बंद पडली आणि २०१६ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या बालमृत्यूंनी पुन्हा मथळे व्यापल्यावर त्यांना जाग आली. मिशनचे नाव राहिले, माझ्या मते धार गेली. लुकडेपणाचा, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजनाचा, आकडा २००५-०६ मधल्या १६.५ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये २५.६ झाला आणि २०१९-२० मध्येही तिथेच राहिला. पाहणी कोणत्या महिन्यांत झाली याचा यात वाटा असू शकतो. आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते, शेतात पेरणी-लावणीची घाई असते आणि आजारपण दारात असते. शिवाय मुले उंचीने सावरली आणि वजन तितके वाढले नाही तर हे प्रमाण आपसूक चढते. कमी वजनाची मुले या तिन्ही पाहण्यांत ३६-३७ टक्क्यांवरच अडली आहेत, तेव्हा हेच झाले असण्याची शक्यता बरीच आहे. पहिल्या दोन वर्षांतल्या कामाचा उंचीला फायदा झाला, आणि आज ताटात काय आहे हा प्रश्न तसाच राहिला.

२०१८ मध्ये पोषण अभियान आले, २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर. कागदी नोंदवही मोबाइलमध्ये गेली. इंग्रजीतले ॲप आणि निकृष्ट फोन यांना कंटाळून महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी त्या वर्षी फोन परत केले, तेव्हा ते बातमीपुरते कामगारांचे गाऱ्हाणे ठरले. आकडे मात्र ओळखीचे वाटतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली १९.३ टक्के मुले लुकडी आहेत. ट्रॅकरमध्ये हे प्रमाण अलीकडे पाच ते सात टक्क्यांच्या आसपास दाखवले जाते. ट्रॅकरमध्ये फक्त अंगणवाडीत मोजलेली मुले येतात, पाहणीत घरोघरची, असे सरकारचे स्पष्टीकरण असते आणि त्यात तथ्य आहे. पण खुजेपणाचा आकडा दोन्हीकडे फार वेगळा नाही, मग त्याच मुलांच्या लुकडेपणातच एवढे अंतर का पडावे? लुकडेपणावरून 'सॅम' (तीव्र कुपोषित) आणि 'मॅम' (मध्यम कुपोषित) मुले ठरतात, त्यांचीच विचारणा वरून होते आणि त्यांच्यासाठीच केंद्र उघडावे लागते. खुज्या मुलाबद्दल कुणी सेविकेला जाब विचारत नाही. २०२५ पासून घरपोच आहार घेताना लाभार्थीचा चेहरा फोनवर पडताळावा लागतो. पाकीट योग्य हाती पडले याची खातरजमा त्यातून होते. मुलाची उंची आणि वजन मात्र आजही सेविकाच एकटी मोजते, आणि ते वाईट निघाले तर उत्तरही तिलाच द्यावे लागते.